डाव्या अंगानं जाड

वर बघा जरा. चौकातल्या फलकावर ‘दात एका तासात पांढरे’ असं जो ओरडून सांगतोय, तो मीच. घसा माझा, शब्द दुसऱ्याचे. मी एक फॉन्ट. संगणकात राहणारा अक्षरांचा संच. जाडजूड, पोट सुटलेला, पन्नास वर्षांपूर्वीच्या सिनेमाच्या फलकांच्या वळणाचा. बारीक मजकूर लिहायला मला कुणी बोलवत नाही. लांबून दिसायचं आणि मोठ्यानं बोलायचं, एवढंच माझ्या पाचवीला पुजलेलं.

आणि दमलोय हो मी. आजचंच सांगतो. सकाळी सुराबायात तांदळाच्या पोत्यांवर उभा होतो, दुपारी मेदानमध्ये लग्नाच्या मांडवावर, आणि त्याच वेळी जकार्तात तीन उमेदवारांच्या डोक्यावर. तिघेही एकमेकांना चोर म्हणत होते आणि तिघांच्याही वतीनं घसा मीच फोडत होतो. शहरातल्या नव्या कॉफीच्या दुकानांचा तर मी लाडका. भिंतीवर आजोबांच्या काळचं काहीतरी असलं की कॉफीला चव येते म्हणे. माझा आजोबा कोण, हे मात्र तिथं बसणाऱ्या एकानंही अजून विचारलेलं नाही.

माझ्या नावाचंही ऐकून घ्या. फॉन्टांच्या यादीत दहा वर्षं माझं नाव होतं ‘सेमेन्तारा’, म्हणजे तात्पुरता. ज्याचं नावच तात्पुरता, त्याला दहा वर्षांत एक दिवस सुटी नाही! मला घडवणाऱ्या इस्तीनं एका दुपारी वैतागून टाकलेलं नाव ते. तिला घालायचं होतं आपल्या बापाचं नाव, आणि बाप काही केल्या हो म्हणत नव्हता. त्या नावाची हकीकत सांगायलाच आज मी माझ्या स्वतःच्या शब्दांसाठी तोंड उघडलंय.

बापाचं नाव तर्मुजी. राहणारा पूर्व जावातल्या लामोंगानकडचा. गाव त्याला कांग तर्मुजी म्हणायचं. कांग म्हणजे आपला दादा. तरुणपणी तो बाबात गावच्या सिनेमागृहाचे फलक रंगवायचा. खलनायकाच्या मिशा आणि मथळ्याची अक्षरं, या दोन गोष्टींत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याचा गुरू मोठा विक्षिप्त माणूस. शिष्याचं अक्षर चुकलं तर कुठं चुकलं ते सांगायचा नाही. ओल्या फडक्यानं सगळं पुसून टाकायचा आणि विडी ओढायला निघून जायचा. चूक तुमची तुम्ही शोधा. तर्मुजी तसाच घडला आणि आयुष्यभर तसाच राहिला.

पुढं सिनेमागृह बंद पडलं आणि तो कनाती रंगवायला लागला. आमच्याकडची माणसं पोटासाठी तंबू घेऊन देशोधडीला लागतात. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला तंबू ठोकायचा. तळलेला मांगूर, कोंबडी, बदक, तोफू, वर झणझणीत सांबाल, म्हणजे मिरचीचं वाटण, आणि गरम भात. सुमात्रापासून पापुआपर्यंत कुठल्याही गावात उतरा, आमच्यातला कुणीतरी मासे तळताना सापडेलच. तंबूला रस्त्याच्या अंगानं एक लांबलचक पांढरी कनात असते. तिच्यावर झगझगीत रंगात मासा, कोंबडा, बदक आणि जाड अक्षरं. तीच पाटी, तीच भिंत, तोच आडोसा.

तर्मुजी कापड दोन बांबूंना ताणून बांधायचा आणि उभ्यानंच लिहायचा. पट्टी नाही, रेघ नाही. लिहून झालं की चाळीस पावलं मागं जायचा, रस्ता ओलांडून पलीकडे उभा राहायचा आणि डोळे बारीक करून बघायचा. “मोटारसायकलवरच्या माणसाला एका श्वासात वाचता आलं पाहिजे,” तो म्हणायचा, “नाहीतर ती नुसती नक्षी!” त्याचा नियम एकच, वजन उजवीकडे. रोमन ए घ्या. दोन पाय असतात ना त्याला? डावा बारीक, उजवा जाड. एम, यू, ओ, सगळ्यांचं तसंच, उजवं अंग भरलेलं. त्याच्या हाताखालून गेलेले सगळे रंगारी हाच नियम पाळायचे.

दरसाल गावातून नवे तंबू निघायचे आणि ज्याला त्याला कनात हवी तर्मुजीच्याच हातची. म्हणून तो गावात राहिला, आणि तंबू घेऊन गेली ती त्याची बायको कास्मिरा. चार वर्षांच्या इस्तीला कडेवर मारून समुद्रापलीकडे, बालिकपापानला. तर्मुजी तिकडे एकदाच गेला, सुरुवातीला. कनात टांगून दिली, रस्त्यापलीकडे उभा राहिला, तासभर बघितलं, मान डोलावली. कास्मिरानं आग्रह केला, “आत तर या, दोन घास खा.” तर हा म्हणाला, “घरचाच मासा, तो तंबूत बसून काय खायचा!” आणि दुसऱ्या दिवशीच्या जहाजानं परत.

मग मायलेकी वर्षाकाठी ईदेला दहा दिवस यायच्या. विटलेली कनात आणायच्या, नवी घेऊन जायच्या. जुनीचे तुकडे करून तर्मुजी ब्रश पुसायला घ्यायचा. जपून ठेवावी अशी ती वस्तूच नव्हती. असं बारा वर्षं चाललं. इस्ती रोज शाळेतून आली की संध्याकाळी तंबूत, भाताच्या टोपल्याशेजारच्या बाकावर अभ्यासाला बसायची. समोर बापाची कनात.

पुढं इस्ती सुराबायात शिकायला आली, तिथंच एका छापखान्यात अक्षरं मांडायच्या कामाला लागली. आई बालिकपापानमध्येच राहिली. आणि इकडे तर्मुजीचा हात थरथरायला लागला. एका ईदेला त्यानं काढलेला मासा हिवताप आल्यासारखा दिसत होता. त्यानं ब्रश रॉकेलमध्ये स्वच्छ धुतले, सुतळीनं बांधले आणि माळ्यावर टाकून दिले.

इस्तीनं ते बघितलं आणि तिनं मनाशी घेतलं. हात गेला तर गेला, अक्षर जाऊ द्यायचं नाही. बापाच्या नावाचा फॉन्ट करायचा.

तोच मी. आठ महिने लागले मला जन्माला यायला, आणि त्या पोरीच्या नाकी नऊ आले. तर्मुजी कापड बघून अक्षर लहानमोठं करायचा. त्याचे दोन ए कधी सारखे नसायचे. मला मात्र एकच ए मिळणार होता, जन्मभर पुरवायचा. आमच्या भाषेत कोंबडीच्या शब्दात दोन ए आहेत आणि त्यांच्या मधोमध वाय. तेवढ्या तीन अक्षरांमधली फट जमवायला तिनं एक अख्खा आठवडा घातला. समोर ठेवून गिरवायला तिच्याजवळ एकही कनात नव्हती, पण तिला तिची गरजही वाटली नाही. डोळे मिटायची, आणि आठवेल तसं काढायची.

तयार झालो तेव्हा मला मोठ्या कागदावर छापून ती गावी घेऊन गेली. तर्मुजी ओसरीत बसला होता. त्यानं कागद हातात घेतला, लांब धरला, डोळे बारीक केले.

“हे माझं नाही,” तो म्हणाला.

“असं काय करता बापाक? तुमचंच आहे. डोळे मिटून काढलंय मी.”

“तिथंच घोटाळा झाला. डोळे उघडे ठेवून काढायचं होतंस, न्दुक.”

न्दुक म्हणजे पोरी. एरवी तो लाडानं म्हणायचा. त्या दिवशी तसं वाटलं नाही.

“चुकलंय कुठं ते तरी सांगा!”

त्यानं कागदाची घडी केली, तिच्या हातात दिली आणि विडी ओढायला परसात निघून गेला.

“मग नाव घालू की नको तुमचं?” तिनं मागून विचारलं.

“नको.”

आता तुम्हीच सांगा, यात माझा काय दोष? चूक असली तर मला दिसत नव्हती, आणि इस्तीलाही नव्हती. ती तशीच परत गेली, नावाच्या जागी ‘तात्पुरता’ लिहिलं, आणि आपल्या तंबूवाल्यांना उपयोग होईल म्हणून मला सगळ्यांसाठी मोकळं सोडून दिलं. ज्याला हवा त्यानं घ्यावा. बाप आज ना उद्या हो म्हणेल, मग नाव बदलू, असा तिचा हिशोब.

मोकळं सोडलेलं जनावर आणि फुकटातला फॉन्ट, दोघांची गत एकच. तंबूवाल्यांनी घेतला, त्यांच्याकडून छापखानेवाल्यांनी घेतला, मग साबणवाल्यांनी, वाण्यांनी, पुढाऱ्यांनी. कापडी कनाती मागं पडल्या. प्लास्टिकच्या कापडावर मला तासाभरात छापून द्यायला लागले. गावातल्या रंगाऱ्यांचं काम आटलं. तर्मुजीचाच शिष्य वाकिदी, तो एक दिवस भर चहाच्या टपरीवर म्हणाला, “कांग, तुम्ही आम्हाला अक्षर दिलंत आणि तुमच्या लेकीनं आमच्या ताटातला भात नेला. छान वसूल केलंत!”

“ते अक्षर माझं नाही,” तर्मुजी म्हणाला.

हे इस्तीच्या कानावर गेलं. तिला वाटलं, चारचौघांत बाप आपल्याला झटकतोय. तेव्हापासून ती गावी यायची ती फक्त ईदेला, दोन दिवस, आणि त्या दोन दिवसांत माझा विषय कुणी काढायचा नाही. मी मात्र घरभर असायचो. तेलाच्या पिशवीवर मी, बिस्किटांच्या डब्यावर मी. तर्मुजी डबा हातात घेतला की माझी बाजू भिंतीकडे करून ठेवायचा. दहा वर्षं मी त्या घरात भिंतीकडे तोंड करून काढली. दमायला झालं ते फलकांवर ओरडून नव्हे, खरं सांगायचं तर यानं.

मग कास्मिराचे गुडघे गेले. तिनं तंबू भाच्याला दिला आणि ती कायमची गावी परत आली. शेजाऱ्यांनी कौतुकानं दारावर फलक लावला, ‘सेलामात दातांग, माक कास्मिरा’, म्हणजे सुस्वागतम, कास्मिराआई. अक्षर अर्थात माझं, हातभर उंच. आता मात्र तर्मुजीला मला भिंतीकडे वळवता येईना. इस्ती आईला बंदरावरून घेऊन आली तेव्हा तो दारातच उभा होता, मान वर करून.

कास्मिरा आत येऊन टेकली, पाणी प्यायली, पाय लांब केले. तेवढ्यात हा बाहेरून पुटपुटला, “सात ए आहेत. सातच्या सात डावखुरे.”

इस्ती ताडकन उठली. “काय म्हणालात?”

“ऐकू आलं ते.”

“डावखुरे म्हणजे काय?”

“डावा पाय जाड आहे, अजून काय! दहा वर्षं झाली, तुला दिसेना. मला वाटलं आज दिसेल, उद्या दिसेल.”

“ए तसाच होता तुमचा! डावा पाय जाड!”

“माझा?” म्हातारा पेटलाच. “चाळीस वर्षांत माझ्या हातून एक ए असा गेला नाही! त्या वाकिदीला विचार. गल्लीतल्या कुत्र्याला विचार!”

“मी रोज बघितलाय बापाक. बारा वर्षं. रोज संध्याकाळी. तुम्ही नका शिकवू मला!”

“मग डोळे तपासून घे!”

“अहो, जरा थांबाल का दोघं?” कास्मिरा बाजेवरून म्हणाली. ती हसत होती. “घरात पाऊल टाकलं नाही तोच सुरू! ती खोटं बोलत नाही आणि तुम्हीही नाही. आम्ही आत बसायचो ना. आतून कनात उलटी दिसते. तुमचं उजवं ते आमचं डावं.”

माझ्या तर डोक्यात लख्ख उजेड पडला. एल उलटा दिसला, ई उलटा दिसला, की शाळेत गेलेलं पोर मनातल्या मनात तो सुलटा करून घेतं. पण ए दोन्हीकडून ए च. एम, यू, ओ, तसेच. ती अक्षरं इस्तीला उलटी आहेत असं कधी वाटलंच नाही. कापडातून पाझरलेला रंग तिनं बारा वर्षं मागल्या बाजूनं बघितला, आणि डोळे मिटले की तिला तेच दिसायचं. बापाला वाटलं पोरीनं बघितलंच नाही. पोरीला वाटलं बापाला आपलं काहीच पटत नाही. दहा वर्षं दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि एक शब्द बोलायला दोघांचीही जीभ उचलली नाही. माणसांची मला कीव येते ती अशा वेळी.

तर्मुजी दुसऱ्या दिवशी ऊन कलायला लागलं तसा उठला, टोपी घातली आणि म्हणाला, “चला. बाहेर जेवायला जाऊ.”

“तुम्ही? बाहेर?” कास्मिरा म्हणाली. “ताप आलाय की काय?”

बाबातच्या रस्त्यावर हातानं रंगवलेल्या कनातीचा एकच तंबू उरलाय. ती कनात वाकिदीची, वजन उजवीकडे, नियमाप्रमाणे. तंबू नुकताच लागत होता. मीही तिथं होतोच, टेबलावरच्या मिरचीच्या बाटलीवर. म्हणून तर हे सांगू शकतोय. मायलेकी आत येऊन बसल्या. तर्मुजी मात्र सवयीनं रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभा राहिला आणि डोळे बारीक करून बघायला लागला.

“अहो, तिकडं काय देवळाच्या खांबासारखे उभे?” कास्मिरा ओरडली. “आत या!”

तो आला. कनात हातानं बाजूला करून, वाकून, आत आला. बहात्तर वर्षांचा माणूस, शेकडो तंबूंच्या कनाती रंगवलेला, आणि तंबूत पहिल्यांदा बसत होता. बाकावर नीट टेकलासुद्धा नाही.

“तू कुठं बसायचीस?” त्यानं इस्तीला विचारलं.

तिनं भाताच्या टोपल्याजवळचा कोपरा दाखवला. तो उठून तिथं जाऊन बसला. मांगूर आला, सांबाल आलं, भात आला. तो ताटाकडे बघेना. उन्हं खाली आली होती आणि कनातीतून सगळं आत उतरत होतं. मासा उलट्या दिशेनं पोहत होता, कोंबड्याची मान दुसरीकडे वळलेली, आणि कोंबडीच्या शब्दातले दोन्ही ए डाव्या पायावर भार देऊन उभे. बाहेर मोटारसायकली जात होत्या. त्यांच्या सावल्या अक्षरांवरून सरकत होत्या.

“म्हणजे बारा वर्षं तू माझी पाठच बघत होतीस,” तो म्हणाला.

इस्तीनं पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला.

“पाठच होती, बापाक,” ती म्हणाली. “पण रोज होती.”

तर्मुजी रडला. सांबालचं निमित्तसुद्धा केलं नाही. थरथरणारे दोन्ही हात मांडीवर ठेवून सरळ रडला, आणि तंबूवाली बाई बिचारी तळता तळता थांबली. मी बाटलीवर उभा. मला आसवं नाहीत हे त्या वेळी बरंच वाटलं.

“मी दुरुस्त करते,” इस्ती घाईघाईनं म्हणाली. “दोन दिवसांचं काम. सगळ्यांचं वजन उजवीकडे नेते, तुमच्यासारखं. मग तरी नाव घालू का?”

“हात लावू नकोस त्याला.”

“पण चुकलंय ते...”

“आहे तसं राहू दे म्हणतो ना. एकदा तरी ऐक बापाचं.” त्यानं बाहीनं नाक पुसलं. “आणि घाल नाव.”

“नक्की?”

“घाल म्हटलं की घाल, न्दुक.”

“झालं एकदाचं!” कास्मिरा म्हणाली. “एवढ्यासाठी दहा वर्षं लागली तुम्हाला आत येऊन बसायला. आता तो मासा खा. निवलेला मांगूर मांजरसुद्धा खात नाही.”

त्यानं तो सगळा खाल्ला, काट्यासकट.

या गोष्टीला दोन वर्षं होतील. ‘तात्पुरता’चा तर्मुजी झालो. माझ्या कामात म्हणाल तर काडीचा फरक नाही. तेच साबण, तेच उमेदवार, तीच कडू कॉफी. मध्ये एका शहाण्यानं इस्तीला कळवलंही की तुमचा ए चुकीच्या बाजूला जाड आहे, सुधारित आवृत्ती कधी? तिनं उत्तर दिलं नाही. मी दमलेला होतो, आहे, आणि आमच्यासारख्यांना निवृत्ती नसते. आमचा कंटाळा आला की लोक आम्हाला विसरतात, तीच काय ती सुटी. तिची मी वाट बघतोय, खोटं कशाला बोलू.

तोवर एकच मागणं आहे. तर्मुजी आता अंथरुणाला खिळलाय. घरात त्याला बापाक म्हणतात, कास्मिरा ‘अहो’ म्हणते, दवाखान्यात आजोबा. त्याला नावानं, कांग तर्मुजी अशी, हाक मारणारे सोबती एकेक करून गेले. परवाच्या पावसाळ्यात वाकिदीही गेला. म्हणून म्हणतो, अक्षर निवडताना यादीत माझं नाव समोर आलं, तर पुढं सरकण्याआधी ते एकदा मोठ्यानं वाचा. मग खुशाल मला कामाला जुंपा.